तिसावी धाव

माणूस वर्तमानपत्र कोठून वाचायला सुरुवात करतो, यावरून त्याची निम्मी ओळख पटते, असे माझे एक जुने मत आहे. आमचे प्राचार्य अग्रलेखापासून सुरुवात करतात; म्हणून तर ते प्राचार्य झाले. आमच्या शेजारचे निवृत्त कारकून आधी निधनवार्ता वाचतात आणि ओळखीचे कोणी नाही अशी खात्री पटल्यावरच चहाचा पहिला घोट घेतात. गृहिणी राशिभविष्य वाचतात असे पुरुष म्हणतात. पण आमच्या घरी ते कोण वाचतो, हे मी येथे सांगणार नाही. मी मात्र वर्तमानपत्र उलटे धरतो, शेवटच्या पानावर जातो आणि तिथेही मथळ्याकडे न पाहता डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहतो. गेली पस्तीस वर्षे ही सवय सुटलेली नाही. महाविद्यालयात ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे.

त्या कोपऱ्यात एके काळी 'आंतरशालेय' असा एक छोटा मथळा असे. त्याखाली बोटभर रुंद आणि दोन बोटे उंच अशा जागेत मुंबईतल्या शाळा एकमेकींशी लढत. अमुक शाळेने तमुक शाळेचा एक डाव राखून पराभव केला. अमक्याने ६२ धावा काढल्या, तमक्याने २७ धावांत ५ बळी घेतले. संपले! मैदानावर दिवसभर घाम गाळलेल्या बावीस मुलांपैकी चार-पाच नावे तेवढी छापून येत आणि बाकीची त्या मैदानाच्या धुळीतच राहत.

ज्यांचे बालपण मुंबईबाहेर गेले त्यांच्यासाठी थोडा खुलासा करायला हवा. सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस ढाल आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स ढाल, या मुंबईच्या शालेय क्रिकेटच्या दोन पंढऱ्या. पहिलीला नाव मिळाले ते १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे. शाळांच्या खेळांचा कारभार पाहणारी मुंबई शालेय क्रीडा संघटना १८९३ सालची, म्हणजे टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली त्याच वर्षाची. मुंबईकर दोन्ही गोष्टी सारख्याच भक्तीने करतो, हा काही निव्वळ योगायोग नसावा. आणि आझाद मैदान! एका मैदानावर बावीस खेळपट्ट्या. या सामन्याचा पॉइंट त्या सामन्याच्या कव्हरला पाठ लावून उभा. एका सामन्यातला चेंडू दुसऱ्या सामन्यात घुसला, तर तो परत करणारा मुलगा आपल्याकडे येणारा झेल सोडून तो परत करी. शेजारधर्म म्हणजे काय, हे मी चाळीत शिकलो त्याहून अधिक तिथे शिकलो.

पण त्या कोपऱ्यात नुसते क्रिकेट नसे. मराठी वर्तमानपत्रांचा हा एक मोठेपणा. तिथे खो-खो असे, कबड्डी असे, पावसाळा संपला की लंगडीही असे. खो-खोच्या बातमीची तर भाषाच निराळी. तिथे धावा नाहीत, तिथे मिनिटे. 'हिने १ मिनिट ५० सेकंद संरक्षण केले व तीन गडी बाद केले.' माझी ताई शाळेच्या खो-खो संघात होती. आमच्या आजोबांना ते मुळीच पसंत नव्हते. घोट्यापर्यंत धूळ माखून संध्याकाळी सातला घरी येणारी नात त्यांच्या कोणत्याच पोथीत बसत नव्हती. बाहेरगावच्या स्पर्धेला संघ जाणार होता; आजोबांनी 'नाही' म्हणून सांगितले आणि विषय संपला. आमच्या घरात आजोबांनी संपवलेला विषय कोणी पुन्हा उघडत नसे.

त्याच आठवड्यात त्या कोपऱ्यात ताईचे नाव आले. मागे 'कु.' आणि पुढे आमचे आडनाव. आजोबांनी चष्मा पुसला, बातमी वाचली, पुन्हा वाचली आणि आजीला विचारले, "हे दीड मिनिट म्हणजे पुष्कळ असते काय गं?" आजीला काय ठाऊक! पण ती ठामपणे म्हणाली, "तर! पुष्कळच." संध्याकाळी ते कात्रण दासबोधात सरकले. स्पर्धेला निघायच्या दिवशी ताईची पिशवी उचलून दादर स्टेशनापर्यंत आजोबाच गेले. जाताना भेटेल त्याला सांगत होते, "दीड मिनिट उभी राहिली. वर वीस सेकंद." २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या दोन मराठी कर्णधारांनी मुलींचा आणि मुलांचा असे दोन्ही चषक भारताला जिंकून दिले, तेव्हा ताईचा मला फोन आला. ती एवढेच म्हणाली, "आज आजोबा हवे होते." मी म्हटले, "दासबोध पुरला नसता."

आता तिसाव्या धावेची गोष्ट. क्रिकेट खेळणाऱ्या आम्हा मुलांत एक नियम सर्वतोमुखी होता. तो कोणत्याही पुस्तकात नव्हता, पण पायचीतच्या नियमापेक्षा पक्का होता: तीस धावा केल्या तर पेपरात नाव, एकोणतीस केल्या तर नाही. शतकाची स्वप्ने पाहणारी मुले श्रीमंत शाळांतली. आमच्या लालबाग-परळकडच्या शाळेत तीस हेच शतक होते. विसाच्या घरात पोचलेला मुलगा एकदम सावध होई, आणि नेमका तेव्हाच बाद होई. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस या आकड्यांवर आमच्या शाळेचे निम्मे क्रिकेट गाडले गेले आहे.

मी खेळाडू नव्हतो. माझे अक्षर चांगले होते, म्हणून मला धावफलकाची वही मिळाली. संघातल्या बारा जणांपैकी जो खेळत नाही पण ज्याच्यावाचून चालत नाही, तो मी. हे काम बसून करायचे असले तरी सोपे नव्हे. दोन्ही शाळांचे गुणलेखक मांडीला मांडी लावून बसत आणि प्रत्येक षटक संपले की आकडे जुळवून पाहत. सामना संपला की आमचे सर एका कागदावर बातमी लिहून देत आणि तो कागद वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचवण्याची कामगिरी माझ्याकडे असे. मैदानातून निघायचे, बोरीबंदरच्या गर्दीतून वाट काढायची आणि त्या कचेरीचा जिना चढायचा.

वर क्रीडाविभागात एक वयस्क उपसंपादक बसत. त्यांनी मला कधी बस म्हटले नाही आणि कधी जा म्हटले नाही. आमच्या सरांना विशेषणांचा भारी सोस. एकदा त्यांनी लिहिले होते, 'घणाघाती ३४ धावा'. उपसंपादकांनी कागदावरून डोळे वर न करता विचारले, "चौकार किती?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"मग घण कुठे होता?" असे म्हणून त्यांनी तो शब्द खोडला. पुढे 'आकर्षक' गेला, 'अविस्मरणीय' गेला, 'शानदार' तर दोनदा गेला. उरल्या चार ओळी. माझा पडलेला चेहरा पाहून ते म्हणाले, "बाळ, विशेषणाला जागा लागते. आकड्याला लागत नाही. विशेषण ठेवले तर एक मुलगा कमी होईल. सांग, कोण कमी करू?" पुढे एम. ए. ला मी शैलीविचारावर पुष्कळ वाचले. एवढ्या थोडक्यात आणि एवढे पटेल असे कोणी सांगितल्याचे आठवत नाही. यष्टिरक्षक, निर्धाव षटक, त्रिफळा, झेल, बळी हे शब्द बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून घरोघरी पोचवले आणि या बोटभर बातम्यांनी ते मुलांच्या तोंडी मुरवले. मराठी भाषेची सेवा ही साहित्यसंमेलनाच्या मांडवातच होते असे नाही.

आमचा यष्टिरक्षक माझ्याच चाळीतला. त्याचे वडील गिरणीत होते. म्हणजे १९८२ चा संप होईपर्यंत होते. त्यानंतर मिळेल ते काम करीत, न मिळेल तेव्हा नाक्यावरच्या वाचनालयात उभे राहत. मुंबईच्या कामगारवस्तीत मंडळाने चालवलेली ही वाचनालये म्हणजे एक लाकडी फळी, तिच्यावर पसरलेली चार दैनिके आणि भोवती खांद्याला खांदा लावून वाचणारी दहा माणसे. पैसे पडत नाहीत, फक्त पान उलटायच्या आधी शेजाऱ्याला "झालं?" म्हणून विचारावे लागते. मुलगा शाळेच्या संघात आल्यापासून हे गृहस्थ रोज सकाळी तिथे जाऊन शेवटच्या पानाचा तो कोपरा पाहत. नाव कधी आले नव्हते. अकरा, सतरा, बावीस, नऊ.

दहावीचे वर्ष. हॅरिस ढालीची पहिलीच फेरी आणि हरलो की शाळेतले क्रिकेट संपले. समोरचा संघ बलाढ्य. एका बाजूने आमची पडझड चालू, दुसऱ्या बाजूने हा उभा. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा फलकावर आमच्या धावा ९७ आणि हा नाबाद राहून परतला. मी बेरीज केली. अठ्ठावीस. पुन्हा केली. अठ्ठावीसच.

आता त्या डावात एका चेंडूवर दोन बाय झाल्या होत्या. चेंडू बॅटच्या अगदी जवळून गेला होता, पंचांनी हात वर करून बायची खूण केली होती आणि मी त्या अवांतर धावांत मांडल्या होत्या. सगळा संघ माझ्याभोवती जमला. कोणी म्हणाला, बॅटला लागला होता, मी आवाज ऐकला. कोणी म्हणाला, पंचांना कुठे नीट दिसते! कोणी म्हणाला, एकूण धावा तेवढ्याच राहतात, कोणाचे काय जाते? समोरच्या शाळेचा गुणलेखकही मनाचा मोठा निघाला. "टाक ना त्याच्या नावावर," तो म्हणाला, "मी पण माझ्या वहीत टाकतो." खरोखरच कोणाचे काहीही जात नव्हते. पेन्सिलीने लिहिलेले दोन आकडे आणि एक खोडरबर, एवढाच प्रश्न होता. मी वही मिटली नाही आणि रबरही उचलले नाही. मी त्याच्याकडे पाहिले.

तो पॅड सोडीत होता. त्याने मान वर न करता विचारले, "किती झाल्या?"

"अठ्ठावीस. पण ते दोन बाय..."

"लागला नव्हता," तो म्हणाला.

सगळे गप्प झाले. अवघ्या जगात ही गोष्ट नक्की ठाऊक असणारा तो एकटाच होता. मग पॅडचा शेवटचा पट्टा सोडवीत तो म्हणाला, "बाबा रात्री एकेक रन विचारतात. त्या दोन कुठं मारल्या म्हणून सांगू?"

मी त्या संध्याकाळी कागद घेऊन जिना चढलो. उपसंपादकांनी नेहमीप्रमाणे कात्री चालवली. अठ्ठावीसवर त्यांची लेखणी क्षणभर थांबली, निदान मला तसे वाटले. पण त्या दिवशी अर्धे पान जाहिरातीने खाल्ले होते. ते नाव गेले. मी काही बोललो नाही. जिथे रोज पन्नास शाळांची मुले चार ओळींत बसवायची, तिथे नियम मोडायचा म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी तिसावी धाव बुडवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी वाचनालयावरून गेलो. त्याचे वडील फळीपाशी उभे होते. बातमी आली होती. विरुद्ध संघाची तीन नावे होती आणि आमच्या शाळेचा केवळ आकडा: सर्वबाद ९७. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "या सत्त्याण्णवात अठ्ठावीस आमच्या पोराच्या आहेत." त्या माणसाने मान डोलावली आणि विचारले, "झालं?" मग पान उलटले गेले.

तो मुलगा पुढे बेस्टमध्ये वाहक झाला. दिवसाच्या शेवटी त्याच्या पेटीतला हिशेब पैशाला पैसा जुळतो, असे त्याच्या आगारातले लोक सांगतात. मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

२०१४ साली सचिन तेंडुलकरचे आत्मचरित्र आले. त्यात हाच तिसाचा नियम वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. शाळेकडून खेळायला लागल्यावरच्या अगदी सुरुवातीच्या एका सामन्यात त्याच्या धावा झाल्या होत्या चोवीस. गुणलेखकाने अवांतर धावांतल्या सहा त्याच्या नावावर टाकल्या आणि तीस झाल्याबरोबर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव झळकले. रमाकांत आचरेकर सरांनी ते पाहिले आणि न काढलेल्या धावा नावावर लावून घेतल्याबद्दल शिष्याची चांगलीच कानउघाडणी केली. तो धडा त्याने तीस वर्षांनी स्वतःच जगाला सांगितला, हे मला फार आवडले. त्याला रागावणारे सर लाभले. आमच्या यष्टिरक्षकाला रात्री एकेक धाव विचारणारे वडील लाभले. दोघेही भाग्यवान!

त्याच आचरेकरांच्या शारदाश्रम शाळेने फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात काय केले, हे मराठी घरात नव्याने सांगायला नको. सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, आणि दोघांची भागीदारी ६६४ धावांची. मी तेव्हा दुसरीत होतो. आमच्या चाळीत त्या आकड्यांची चर्चा पगाराच्या आकड्यांसारखी चाले. पण मला, एक जुना गुणलेखक म्हणून, त्या धावफलकातली न लिहिलेली ओळ अधिक बोलकी वाटते. त्या दोघांनंतर फलंदाजीला जायचा होता अमोल मुझुमदार. पॅड बांधून तो बसून राहिला आणि २ बाद ७४८ वर डाव घोषित झाला. धावफलकाच्या भाषेत त्याला 'फलंदाजी मिळाली नाही'. पुढे त्याने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा काढल्या, तरी भारताच्या संघात त्याचे नाव कधीच आले नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून उभा होता तो हाच अमोल मुझुमदार. धावफलक खरे सांगतो, पण सगळे सांगत नाही.

नाव छापून येण्याचीही दुसरी बाजू आहे. २००९ मध्ये सर्फराज खानच्या ४३९, २०१३ मध्ये पृथ्वी शॉच्या ५४६, आणि ४ व ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत कल्याणच्या मैदानावर प्रणव धनावडेच्या नाबाद १००९! एका रिक्षाचालकाच्या मुलाने ३२७ चेंडूंत इंग्लंडच्या कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. बोटभर कोपरा फोडून ती बातमी जगभर पसरली. पण पंधरा वर्षांच्या खांद्यांवर हजार धावांचे ओझे ठेवून जग पुढे निघून गेले. दीड वर्षात धावा आटल्या, तेव्हा त्याच्या वडिलांनीच क्रिकेट संघटनेला पत्र लिहून मिळणारी शिष्यवृत्ती थांबवावी असे कळवले. मी ती बातमी वाचली आणि मला नाक्यावरच्या फळीपाशी उभे असलेले ते दुसरे वडील आठवले. मुलाचे जे आहे तेवढेच मागणारी माणसे या शहरात अजून आहेत.

आता काळ बदलला. शाळांच्या सामन्यांना वर्तमानपत्रात पूर्वीइतकी जागा नाही आणि तिची तेवढी गरजही उरलेली नाही. मोबाइलवर चेंडूगणिक धावफलक दिसतो. दोन धावा काढणाऱ्या मुलाचेही नाव त्यात असते, त्याने खेळलेल्या चेंडूंची संख्या असते आणि संध्याकाळपर्यंत ते सगळे मामा-मावश्यांच्या गटात पोचलेले असते. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांची नावे धुळीत राहत होती, ती वर आली. आमच्या यष्टिरक्षकाच्या अठ्ठावीस धावा आज नक्की नोंदल्या गेल्या असत्या.

तरीही दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एक स्वाध्याय देतो. कोणताही एक शालेय सामना पाहून या आणि त्याची बातमी चार ओळींत लिहा. विशेषण चालणार नाही. मुले कुरकुर करतात. 'थरारक' शब्दावाचून बातमी कशी होईल, असे विचारतात. गेल्या वर्षी एका मुलीने चार ओळी लिहिल्या आणि खाली, कोणी न सांगता, पाचवी जोडली: 'ज्यांना फलंदाजी मिळाली नाही' आणि पुढे सहा नावे. नियमाप्रमाणे एक ओळ जास्त झाली होती. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.